पाऊण मास्तर आणि अर्धा तास

“वरच्या शाळेने गावाला शिस्त दिली आणि गणित दिले. याउलट खालच्या शाळेत एका विक्षिप्त शिक्षकाच्या लहरीवर शाळा वाटेल त्या वेळी भरे, मुलांना गणिताऐवजी पंचांग शिकवले जाई, आणि ‘विद्यार्थ्यांना साधे गणित येत नाही, शाळेची वेळ अनिश्चित’ असा शेरा तपासणीत प्रत्यक्ष वरिष्ठांनीच दिला होता. या दोन शाळांची तुलना काळाने केव्हाच करून ठेवली आहे.”

हा मजकूर आमच्या गावच्या वरच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत छापला आहे. लिहिणारे गृहस्थ उत्सव समितीचे चिटणीस असून माझे विद्यार्थी आहेत. मी त्या शाळेचा अठरा वर्षे मुख्याध्यापक होतो. याच स्मरणिकेत चार पाने पुढे माझा फोटो आहे, आणि माझ्याविषयी जे लिहिले आहे ते वाचून कोणाही म्हाताऱ्याने समाधानाने डोळे मिटावेत. मी मिटणार नाही. माझे वय ब्याऐंशी आहे, चष्म्याचा नंबर नुकताच बदलला आहे आणि वरच्या मजकुरातले एकूण एक विधान मला खोडायचे आहे.

हे स्मरणरंजनाचे काम असते तर मी गप्प बसलो असतो. परंतु येत्या ग्रामसभेत खालची शाळा वरच्या शाळेत विलीन करण्याचा ठराव यायचा आहे, आणि त्या ठरावाच्या कारणमीमांसेत स्मरणिकेतला हाच परिच्छेद काना-मात्रेसकट उतरवलेला आहे. पट कमी झाला हे एक कारण. शाळा मुळातच कधी धड नव्हती हे दुसरे. पट कमी झाला आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या कारणाला आहे.

दोन्ही शाळा सरकारीच आणि दोन्ही सातवीपर्यंतच्या. वरची सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, डांबरी रस्त्याला लागून, चिऱ्याच्या कुंपणाची. खालची खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या झाडांत, वाळूवर. चौथीपर्यंत मूल कोठेही शिकते. शाळेची खरी पारख पाचवी ते सातवीत होते, कारण त्या वयात मूल विचार करू लागते आणि शाळा त्याला ते करू देते की नाही हे दिसते. आता खाडीवर पूल आहे. त्या काळी नव्हता. खालच्या शाळेची निम्मी मुले पलीकडच्या वाडीतून येत, आणि येत ती उतारावरून, म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडी पायी ओलांडता येते त्या जागेवरून.

त्या शाळेच्या मास्तरांना गाव ‘पाऊण मास्तर’ म्हणे. नाव आमच्या वरच्या लोकांनी ठेवले होते आणि त्यात दोन टोमणे होते. एक, ते पाऊणकी शिकवत. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे अभ्यासक्रमातून कधीच गेले होते. पाऊण मास्तरांच्या शाळेतून पाऊणकी गेली नव्हती. सकाळी खाडीवरून वारा वर आला की पोरांचा हेल सड्यापर्यंत ऐकू येई: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. दुसरा टोमणा उघड आहे. माणूस पाऊणच शहाणा, पाव कमी.

पाव कमी वाटावे असे त्यांच्यात पुष्कळ होते, हे मी नाकारीत नाही. त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. ती कोणी कधी उघडलेली पाहिली नाही. भर आषाढात ते मिटलेली छत्री हातात धरून भिजत उभे राहत. तिच्या दांड्यावर तांबड्या रंगाची तीन कडी काढलेली होती. विचारले तर म्हणत, “ही छत्री मोजूची आसा, उघडूची नाय.” पहिले कडे पहिलीतल्या पोराच्या कमरेइतके, दुसरे चौथीतल्या, तिसरे सातवीतल्या. सकाळी उतारात छत्री रोवायची. पाणी पहिल्या कड्याच्या खाली असेल तर सगळे या. पहिल्याच्या वर असेल तर मोठ्यांनी लहानांना खांद्यावर घ्यायचे. दुसऱ्याच्या वर गेले तर पलीकडे हात करून सांगायचे, बसा, मी हाक मारीन. तिसऱ्या कड्याचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले होते. “ता माझ्यासाठी,” ते म्हणाले. “थंयपर्यंत मी जाऊन आणू शकतंय.”

हजेरीचीही तीच तऱ्हा. आमच्याकडे नाव पुकारले की ‘हजर’. त्यांच्याकडे मुलाने वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची, तीच हजेरी. कोणी म्हणे ‘बगळो’, कोणी ‘रापणीत तारली गावली’, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यात मासळी सापडली. मास्तर ते शब्द हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवत. आम्ही शिक्षकांच्या बैठकीत यावर पोट धरून हसलो आहोत. त्याच हजेरीपटात एका मुलाच्या नावापुढे एके दिवशी ‘आवस रडता’, म्हणजे आई रडते, असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. त्या संध्याकाळी मास्तर त्या घरी गेले आणि तासभर अंगणात बसून आले. काय बोलले ते कोणाला सांगितले नाही. माझ्या हजेरीपटात अठरा वर्षांत ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ यांखेरीज तिसरा शब्द नाही.

आता वेळेचा मुद्दा. शाळा वाटेल तेव्हा भरे, असे चिटणीस लिहितात. मीही तसेच म्हणत असे, आणि एका बैठकीत सर्वांसमक्ष म्हणालो. मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. लिहिताना ते असे मराठी लिहीत की परिपत्रकातला ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवीत. बोलताना मात्र मालवणी सोडीत नसत.

“हेडमास्तर, तुमची घंटा कितीक वाजता?”

“अकराला. वर्षभर.”

“पुनवेक पाणी कितीक भरता?”

मला सांगता येईना. मी सड्यावरचा माणूस. माझी शेती काजूची, समुद्र मला दुरून दिसतो.

“तीथ पंधरावी. पंधरा पाऊण?”

“सव्वाअकरा,” मी म्हणालो. गणित मला येत होते.

“म्हणजे तुमच्या घंटेक माझी पोरां छातीभर पाण्यात. आता सांगा, शाळा पोरांसाठी उघडूची काय घंटेसाठी?”

तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हे आमच्या किनाऱ्यावर होडी हाकणाऱ्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे. त्यांची पाऊणकी ती ही. भरती टाळून उतार पायी ओलांडता येईल अशी दुसऱ्या दिवसाची वेळ ते रोज संध्याकाळी पाटीवर लिहीत: उद्या आठ, परवा पावणेनऊ, एकादशीला अकरा. वेळ ते स्वतः काढीत नसत, पाचवी ते सातवीची मुले काढीत. चुकली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गुडघ्याला कळे. घड्याळ लहरी नसते आणि समुद्रही नसतो. लहरी आम्ही होतो, कारण आम्हाला त्यातले एकच वाचता येत होते. अर्थात हे त्या बैठकीत मी कबूल केले नाही. मी म्हणालो, “शासनाची वेळ ती शासनाची वेळ.” मास्तर उठले, छत्री घेतली आणि जाता जाता म्हणाले, “घड्याळ बाजारात गावता, हेडमास्तर. पाणी बघूक शिकवचा लागता.”

राहिला तो शेरा.

त्या वर्षी दोन्ही शाळांची तुलना करून एकीला आदर्श ठरवायचे होते. तपासणीला एक साहेब जीपने आले. त्यांचा लेखनिक रजेवर होता, आणि माझे अक्षर तालुक्यात नावाजलेले. म्हणून आमची शाळा पाहून झाल्यावर साहेबांनी मलाच लेखणी घेऊन खालच्या शाळेत बरोबर नेले. प्रतिस्पर्धी शाळेच्या मुख्याध्यापकाने असे जाऊ नये, हे मला तेव्हाही समजत होते. मी गेलो. खाली पोहोचलो तेव्हा ओहोटीची वाळू उघडी होती, सुरूच्या सावलीला जागा नव्हती. जीप कोठे लावावी असे चालकाने विचारले, तेव्हा “लावा तिथे, वाळू घट्ट आहे,” असे सांगणारा मीच. ती जागा म्हणजे उतार.

साहेबांनी दोन्ही शाळांच्या सातवीला एकच प्रश्न विचारला. एक होडी तासाला चार किलोमीटर वेगाने जाते. दोन किलोमीटरवरच्या गावाला पोहोचायला तिला किती वेळ लागेल? आमच्या शाळेत प्रश्न संपायच्या आत चाळीस तोंडे एकसाथ उघडली होती: “अर्धा तास!” साहेब प्रसन्न झाले होते आणि माझी छाती फुगली होती.

खालच्या शाळेत मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग पलीकडच्या वाडीतली एक मुलगी उभी राहिली. परकराचा ओला काठ पिळत तिने विचारले, “साहेबानू, तीथ खंयची धरूची?”

“काय?”

“तीथ. नि होडी खाडीत भितर जाता, काय भायर येता?”

“मी गणित विचारतोय, मुहूर्त नाही!”

“म्हणानच इचारतंय,” मुलगी म्हणाली. मागून एक मुलगा पुटपुटला, “भरती आसली तर पावच तास लागात.” दुसरा म्हणाला, “आणि सुकतीक भितर जातलो तर आवस जेवण झाकून ठेयत.” सुकती म्हणजे ओहोटी. वर्ग खुसखुसला. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर खिडकीतून खाडीकडे पाहत होते.

साहेबांनी मला सांगितले, लिहा: विद्यार्थ्यांना साधे गणित येत नाही, पंचांगाचा नाद आहे. मी लिहिले. लिहून झाल्यावर साहेब म्हणाले, आणखी काही? तेव्हा मी, कोणी न सांगता, माझ्या मनाने एक वाक्य सुचवले: शाळेची वेळ अनिश्चित. साहेब म्हणाले, हो, तेही लिहा. चिटणीस महाशय ज्याला ‘प्रत्यक्ष वरिष्ठांचा शेरा’ म्हणतात, त्याचे अक्षर माझे आहे आणि अर्धी अक्कलही माझी. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आता छापून सांगतो आहे.

मास्तरांनी शेरा वाचला. सहीच्या जागी सही केली. फक्त ‘अनिश्चित’ या शब्दाखाली बारीक रेघ ओढून समासात लिहिले: ‘रोज निश्चित’. मग वही बंद करून साहेबांना म्हणाले, “साहेबानू, गाडी थंयसून काढा. तीन पाऊण सव्वादोन. आता बारा वाजान गेले.”

साहेबांना वाटले, हा मनुष्य पुन्हा पाढे म्हणू लागला. त्यांनी हात जोडले. तेवढ्यात बाहेरून चालकाची आरोळी आली, “साहेब! गाडी! पाणी इला!”

आम्ही बाहेर आलो तेव्हा जीपची चाके दिसत नव्हती. चालक टपावर चढून बसला होता. पुढचे काम खालच्या शाळेने केले. शेजारच्या खोपीतून रापणीचा दोर आला, सातवीच्या मुलांनी तो जीपला असा बांधला की मी अजून ती गाठ विसरलो नाही, किनाऱ्यावरच्या बायका-पुरुष दोन रांगांत उभे राहिले आणि जाळे ओढतात तसे हेल काढीत त्यांनी सरकारी वाहन ओढून वाळूवर घेतले. साहेब गुडघाभर भिजून, बूट हातात घेऊन उभे होते. ती मुलगी त्यांच्याजवळ गेली. चेहऱ्यावर हसू नव्हते. तिला खरोखरच माहिती द्यायची होती.

“साहेबानू,” ती म्हणाली, “आज तीज.”

आदर्श शाळा आमची ठरली. प्रशस्तिपत्र काचेत बसवून मीच भिंतीवर लावले. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्याचेच छायाचित्र आहे. पाऊण मास्तरांनी माझ्याकडे पेढा मागितला आणि खाल्लाही. त्यांची पोरे मात्र सोडतात थोडीच! त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्या शाळेची मुले किनाऱ्यावर खेळायला उतरली की खालची पोरे ओरडत, “इले रे, अर्धे तास इले!” आमची म्हणत, “पाऊण शाने!” तिकडून उत्तर येई, “पाऊण म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, गणित येता मा?”

मी हरलेल्या बाजूचा वकील आहे म्हणून प्रतिपक्षाचे खरे ते झाकणार नाही. शिष्यवृत्तीची नावे आमच्या फलकावर जास्त आहेत. खालच्या शाळेत इंग्रजी कच्चे होते, कवायत नावाला होती, आणि हट्टीपणात मास्तरांचा हात धरणारा तालुक्यात फक्त मी होतो. चिटणीस मागच्या आठवड्यात माझ्या पडवीत येऊन हेच सांगत होते.

“गुरुजी, तुम्ही आमचे. लोक काय म्हणतील? स्वतःच्या शाळेविरुद्ध उभे राहिलात?”

“तू तेव्हा सातवीत होतास,” मी म्हणालो. “‘अर्धा तास’ ओरडणाऱ्यांत होतास.”

“मग? उत्तर बरोबरच होतं की!”

“होडी कोणत्या दिशेला जात होती?”

ते हसले. त्यांना वाटले, म्हातारा चळला. “गुरुजी, ते तुम्ही कधी शिकवलंच नाहीत.”

बरोबर आहे. नाही शिकवले. हाच तर माझा मुद्दा आहे. चहा पिऊन जाताना त्यांनी स्मरणिकेचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. ‘आमची रत्ने’ अशी यादी आहे, आणि तिच्यात पहिले नाव माझ्या मुलीचे. “बघा, ताईंनाच पहिला मान दिलाय. पहिली ते सातवी आपल्याच शाळेत! हा पुरावा पुरे आहे की नाही?”

माझी मुलगी आज भूलतज्ज्ञ आहे. तिला पाऊणकीचा व्यवसायात काडीचा उपयोग नाही, आणि तिच्या यशावर कोणत्याच शाळेने हक्क सांगावा असे मला वाटत नाही. पण पुराव्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती पुरी सांगतो.

तपासणी झाली त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आलो. मुलगी तेव्हा आमच्याच शाळेत चौथीत होती. मी तिला होडीचा प्रश्न घातला. प्रश्न संपण्यापूर्वीच ती म्हणाली, “अर्धा तास.”

“कसं काढलंस?”

“काढायचं काय त्यात? सातवीची मुलं ओरडत होती ना, भिंतीपलीकडून ऐकलं.” आणि मग, पेढ्याला हात घालीत, “उत्तर तेच असतं ना बाबा नेहमी?”

 ते वर्ष सरेपर्यंत तिच्या त्या प्रश्नाखेरीज मला दुसरे काही सुचत नव्हते. जूनमध्ये मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला स्वतः लिहिला, तिला घेऊन सडा उतरलो आणि पाचवीसाठी खालच्या शाळेत पाऊण मास्तरांच्या टेबलावर तो ठेवला. त्यांनी दाखला वाचला. एका रकान्यापाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी मुलीला पाण्याची खूण बघायला बाहेर पाठवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “हेडमास्तर, ह्यां कारण खोडा. तुमका सड्यावर तोंड दाखवचा आसा. आवशीक बरा नाय, चेडू आजोळाक रवता म्हणान लिवा.”

मुलीचे आजोळ खालच्या वाडीत होते. ती खरोखरच तीन वर्षे तिथे राहिली आणि सातवी करून वर आली. गावात मी मास्तरांनी सुचवलेले कारणच सांगितले: आईची प्रकृती बरी नसते, आजोळी सोय होते. ते खोटे होते. माझी पत्नी ठणठणीत होती. ज्याच्याविरुद्ध मी शेरा लिहिला त्यानेच माझी लाज राखण्यासाठी मला ते खोटे उसने दिले, आणि ते मी इतकी वर्षे वापरले. मास्तर गेले तेव्हा शोकसभेतही मी त्याच खोट्याआड बसून होतो. लोक हळूहळू तेही विसरले, म्हणूनच आज ती यादी तशी छापली गेली.

परंतु तोंडाने बोललेले खोटे वेगळे आणि दप्तरात लिहिलेले वेगळे. एकदा लेखणीने मी जे करायचे ते करून बसलो होतो. पुन्हा करवले नाही. दाखल्यावरचे कारण मी खोडले नाही, आणि तेच कारण वरच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातही तसेच राहिले. ते रजिस्टर मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्रशस्तिपत्राखालच्या लोखंडी कपाटात आहे. ग्रामसभेला येताना चिटणिसांनी ते काखेत मारून आणावे, माझ्या मुलीच्या नावाची ओळ काढावी आणि शेवटचे दोन रकाने मोठ्याने वाचावेत. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात माझ्या सुंदर अक्षरात लिहिले आहे: ‘अधिक चांगल्या शाळेत घालण्यासाठी’. त्यापुढे मुख्याध्यापकाची सही आहे, आणि ती माझी आहे.